पिलं न कापलेली बाग

मे महिन्यातली दुपार, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यातलं घर. भाच्याच्या लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की ओसरीवर लवंडलेली आजी उठून बसली. "मामा, हाई काय व्हयनं?" भाच्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'किल्ड' एवढा एकच शब्द. गंमत म्हणजे त्याचा प्रोग्रॅम अजून सुरूच झाला नव्हता. मेला होता तो कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा.

सी प्लस प्लस या भाषेत टेम्प्लेट नावाची सोय आहे. घरातल्या सोऱ्यासारखी: यंत्र एकच, चकती बदलली की शेव, पुन्हा बदलली की चकली. टेम्प्लेटला जी चकती द्याल, तिच्यासाठी कंपायलर कोडची वेगळी प्रत काढतो. ही चकती आकडाही असू शकते, आणि टेम्प्लेट स्वतःलाच बोलावू शकतं. 5 ची प्रत 4 ची मागते, 4 ची 3 ची. शून्यासाठी मात्र वेगळी प्रत हाताने लिहावी लागते. ती राहिली, की उणे 1, उणे 2, उणे 3...

सकाळी पोराने हीच चूक केली होती, पण त्याला ती पटेना. "मी अट घातली होती ना! शून्य असेल तर 1, नाहीतर पुढचा आकडा." अट होती, खरं आहे. पण अशा साध्या अटीच्या दोन्ही बाजू कंपायलरला आधी समजून घ्याव्या लागतात, म्हणून न लागणारी बाजूही तो उलगडत बसतो. नको ती बाजू टाकून देणारी 'इफ कॉन्स्टएक्स्पर' ही अट भाषेत 2017 साली आली.

सकाळी पंखा फिरला नाही, कारण त्याचा कंपायलर, जीसीसी, 900 पायऱ्यांवर थांबला (एका प्रतीने पुढची मागितली की एक पायरी) आणि त्याने नीट तक्रार केली. क्लँग हा दुसरा कंपायलर 1024 वर थांबतो. भाषेच्या 1998 च्या मानकात, म्हणजे अधिकृत नियमावलीत, निदान 17 पायऱ्या चालाव्यात एवढीच शिफारस होती, 2011 मध्ये ती 1024 झाली. हे आकडे कुठल्या सिद्धान्तातून निघालेले नाहीत. 1994 साली एर्विन उनरूह यांनी भाषेच्या मानक समितीपुढे एक प्रोग्रॅम ठेवला. तो कंपाइलच होत नव्हता, पण त्याच्या चुकांच्या संदेशांत मूळ संख्या ओळीने छापल्या जात होत्या! टेम्प्लेट हा स्वतःच हिशेब करणारा गडी निघाला. आणि कुठलाही हिशेब कधीतरी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी 1936 सालीच दाखवलं होतं. मग कंपायलर तरी काय करणार? पायऱ्या मोजतो आणि कंटाळतो. ही मर्यादा हट्टाने वाढवत नेली, तर कंपायलरची स्वतःची स्टॅक मेमरी, म्हणजे अर्धवट राहिलेली कामं लक्षात ठेवायची जागा, संपते आणि तो तक्रार न करताच कोसळतो.

दुपारचा घोळ वेगळा होता. भाचा फांद्या मोजत होता: प्रत्येक फांदीला दोन फांद्या, फक्त 30 पायऱ्या. 900 च्या जवळपासही नाही. पण केळीच्या एका खोडाला किती पिलं फुटतात ते चोपड्यात सांगायला नको. पिलबाग धरताना एक पिल ठेवून बाकीची कापतात, नाहीतर बागेत पाय ठेवायला जागा उरत नाही. कंपायलर खोली मोजतो, पसारा मोजत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ करत 30 पायऱ्यांत 107 कोटींहून जास्त प्रती होतात. लॅपटॉपची मेमरी त्याच्या कितीतरी आधी संपली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने कंपायलरचा गळा दाबला.

खरं तर कंपायलर चिक्कू आहे. तीच चकती पुन्हा मागितली तर तो आधीची प्रतच देतो. फिबोनाची मालिकेतला (प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची बेरीज) 40 वा आकडा साध्या फंक्शनने, काही लक्षात न ठेवता काढला तर 33 कोटींवर हाका पडतात. टेम्प्लेटला 41 प्रती पुरतात. मग इथे काय बिनसलं? पोराने प्रत्येक फांदीला हौसेने वेगळा क्रमांक दिला होता. एकही प्रत दुसरीसारखी नव्हती.

"हा क्रमांक पुढे कुठे वापरलास?" मी विचारलं.

त्याने वर-खाली शोधलं. कुठेच नाही. क्रमांक खोडला, पुन्हा कंपाइल केलं. तीस-एकतीस प्रती, एका क्षणात काम. आजी पुन्हा आडवी झाली.