मलावीतले शेंगदाण्याचे औषधी अन्न ‘चिपोंडे’: कुपोषित मुलाचा उपचार रुग्णालयातून घरी कसा आला

आफ्रिकेतल्या मलावी या देशात मक्याचे पीक एप्रिलच्या सुमारास घरात येते. छोट्या शेतकऱ्याच्या कणगीतला मका डिसेंबर-जानेवारीत संपतो आणि नवे पीक हाती येईपर्यंतचे दिवस अर्धपोटी काढावे लागतात. पावसाचा, शेतीच्या कामांचा, हिवतापाचा आणि जुलाबांचा हंगामही नेमका हाच. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे न्सिमा आणि लहान मुलांसाठी त्याच पिठाची पातळ पेज म्हणजे फाला. पीठ कमी पडू लागले की फाला आणखी पातळ होते. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या मुलाला त्यातून पुरेशी ऊर्जा मिळत नाही.

मलावीत अशा मुलांमध्ये हडकुळी मुले असतातच, पण सुजलेली मुलेही मोठ्या संख्येने दिसतात. या सुजेच्या आजाराला क्वाशिऑरकोर म्हणतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी 1933 मध्ये तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. धाकटे भावंड जन्माला आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा या गा भाषेतल्या नावाचा अर्थ. तपासणी साधी आहे: दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. दोन्हीकडे खळगा राहिला तर मूल तीव्र कुपोषित आहे, मग वजनकाटा काहीही सांगो. अंगात साठलेल्या पाण्यामुळे वजन ठीक दिसते आणि गाल भरल्यासारखे वाटतात. घरच्यांना मूल बाळसेदार वाटते, आणि उशीर होतो तो इथेच.

अनेक दशके उपचार रुग्णालयातच होत. आईने मुलासह तीन-चार आठवडे पोषण पुनर्वसन कक्षात राहायचे, अशी अपेक्षा असे. पण पेरणी-खुरपणीच्या दिवसांत घरी आणखी तीन-चार मुले टाकून कोण येणार? मुले फार उशिरा येत आणि अर्ध्यावर परत नेली जात. गर्दीच्या कक्षात एका मुलाचे जुलाब दुसऱ्याला लागत. आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णालयांत दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांपैकी 20 ते 30 टक्के दगावत.

त्यातले कितीतरी मृत्यू चांगल्या हेतूने केलेल्या चुकांमुळे होत. उपाशी शरीराने हृदय, यकृत आणि मूत्रपिंडांचे काम मंद केलेले असते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी भरपूर जेवण, लोहाचे औषध किंवा शिरेतून सलाईन दिले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून उपचाराचे दोन टप्पे ठरले. आधी एफ-75 हे सौम्य दूध, 100 मिलिलीटरमागे 75 किलोकॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे. भूक परतली आणि सूज उतरू लागली की एफ-100 हे जास्त ऊर्जेचे दूध. याने मृत्यू कमी झाले, पण दूध पाण्यात कालवावे लागे. कालवलेल्या दुधात काही तासांत जंतू वाढतात, त्यामुळे ते घरी देता येत नसे.

ही अडचण 1996 मध्ये सुटली. फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांनी न्यूट्रिसेट कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्याबरोबर एफ-100 मधल्या दूध पावडरचा काही भाग काढून त्याजागी शेंगदाण्याची पेस्ट घातली. तेलकट पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून जंतू वाढत नाहीत. शिजवायला नको, थंड ठेवायला नको, पाकीट दोन वर्षे टिकते आणि मूल ते थेट चोखून खाते. मलावीत रुळलेले प्रमाण असे: पूर्ण सायीची दूध पावडर 30 टक्के, साखर 28, शेंगदाणा पेस्ट 25, तेल 15 आणि उरलेला थोडा भाग जीवनसत्त्वे व खनिजे. पावडरचे कण अतिशय बारीक हवेत, नाहीतर तेल वर तरंगते आणि तळाशी गोळा बसतो. मग एकाच डब्यातल्या दोन घासांत पोषण सारखे राहत नाही.

मलावीत शेंगदाण्याच्या पेस्टला चिपोंडे म्हणतात, या औषधी अन्नालाही तेच नाव पडले. डॉक्टर मार्क मॅनरी यांनी 2001 पासून ब्लँटायर शहराच्या परिसरात ते घरी देऊन पाहायला सुरुवात केली. 1178 मुलांच्या त्यांच्या अभ्यासात घरी चिपोंडे खाणाऱ्यांपैकी 79 टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने अपेक्षित पातळीवर आले; जुन्या पद्धतीच्या उपचारात हेच प्रमाण 46 टक्के होते. 2002 च्या दुष्काळात डोवा जिल्ह्यात कन्सर्न आणि व्हॅलिड इंटरनॅशनल या संस्थांनी गावपातळीवरचा उपचार सुरू केला. व्हॅलिडच्या स्टीव्ह कॉलिन्स यांनी तो आधी इथिओपियात आजमावला होता. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने संयुक्त निवेदन काढून या पद्धतीला मान्यता दिली.

आता गावातली आरोग्य निरीक्षण सहायक डाव्या दंडाच्या मधोमध फीत लावते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली तर मूल उपचारात येते. मग भुकेची चाचणी: आईने मुलाला शांत जागी मांडीवर घेऊन पाकीट द्यायचे, बळजबरी करायची नाही. मूल खात नसेल तर आत काही गुंतागुंत आहे असे समजून रुग्णालयात पाठवायचे. ही पायरी गर्दीच्या दिवशी हमखास गाळली जाते आणि ते फार महागात पडते. खाणाऱ्या मुलाला अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक आणि आठवड्याची पाकिटे मिळतात. आठ किलोच्या मुलाला 92 ग्रॅमची, 500 किलोकॅलरीची साधारण तीन पाकिटे रोज लागतात. आठवड्याची 21, सात आठवड्यांची 147. खोक्यात 150 असतात, म्हणजे एका मुलाला एक खोके.

प्रतिजैविकाचा आग्रहही मलावीतल्याच अनुभवावर उभा आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2767 मुलांच्या चाचणीत नुसते चिपोंडे घेणाऱ्यांपैकी 7.4 टक्के मुले दगावली, सोबत अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांपैकी 4.8 टक्के. त्याच वर्षीच्या मलावीतल्या जुळ्यांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. एका घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जुळ्यांपैकी एकालाच क्वाशिऑरकोर होऊ शकतो आणि त्याच्या आतड्यातल्या जंतूंचा त्यात वाटा असतो. आईने खायला घातले नाही, हा आरोप म्हणूनच अन्यायाचा आहे.

अडते कुठे? पहिले म्हणजे वाटणी. उपाशी भावंडांसमोर एकट्यालाच पाकीट देणे कोणत्याही आजीला जमत नाही, आणि एचआयव्हीने आईबाप गेलेल्या बऱ्याच मुलांना आजीच सांभाळते. म्हणून जिथे घरासाठी मक्याच्या पिठाचीही सोय होते तिथे मूल लवकर सुधारते. वजन तीन-चार आठवडे हलले नाही तर एचआयव्ही आणि क्षयाची तपासणी करायलाच हवी. दुसरी अडचण शेंगदाण्याची: ओलसर साठवणीत त्यावर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्यामुळे स्थानिक कारखान्याला, शेजारच्याच शेतातला असला तरी, तपासलेला आणि निवडलेलाच माल वापरावा लागतो.

सगळ्यात मोठी अडचण पैशाच्या वेळेची. एका खोक्याला 50 डॉलरच्या आसपास खर्च येतो. अमेरिकेचे सरकार या अन्नाचे मोठे खरेदीदार होते. 2025 मध्ये त्याने परदेशी मदत आखडती घेतली आणि जगभर पुरवठा विस्कळीत झाला. वर्गण्या येतात त्या बहुधा फेब्रुवारीत, सुजलेल्या मुलांची छायाचित्रे झळकल्यावर. तोवर आतल्या रस्त्यांवर चिखल झालेला असतो. फेब्रुवारीत लागणारी खोकी पाऊस सुरू होण्याआधी, नोव्हेंबरपर्यंत, आरोग्य केंद्राच्या कोठारात पोचावी लागतात, आणि त्यांचे पैसे मका घरात असतो तेव्हाच भरलेले असावे लागतात.