बुद्धिबळाच्या पटावरचा वीस आकडी नंबर

सांगलीत बुद्धिबळ मुरलेलं आहे, बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं इथे कुणाला सांगावी लागत नाहीत, त्यामुळे गव्हाच्या दाण्यांची गोष्टही बहुतेकांना माहिती असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत 64 घरं भरायची. बेरीज होते 1,84,46,74,40,73,70,95,51,615. दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा धरला तर आत्ता जगभरात वर्षाला पिकतो तेवढा गहू नऊशेच्या आसपास वर्षं साठवावा लागेल!

बुद्धिबळ शोधून काढल्याबद्दल सिस्सा नावाच्या माणसाने राजाकडे हे बक्षीस मागितलं ही कथा 13व्या शतकात इब्न खल्लिकान या चरित्रकाराने लिहून ठेवली, पण हिशोब त्याच्या आधीचा, अल्-बिरुनी या विद्वानाने 1000 सालाच्या सुमारासच हा आकडा पूर्ण दिलेला. पुढे 1883 मध्ये एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने चकत्यांचं कोडं काढलं (लहानमोठ्या चकत्यांची चळत एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यायची, एका वेळी एकच चकती, आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही), त्याला काशीच्या देवळातल्या 64 सोन्याच्या चकत्यांची कथा जोडली गेली, आणि त्या चकत्या हलवायला कमीत कमी चाली लागतात त्याही बरोबर एवढ्याच.

मला मात्र या नंबरचे अवयव जास्त आवडतात, कारण तो पटाच्या ओळींप्रमाणेच फुटतो. पहिल्या ओळीत 255 दाणे, म्हणजे 3×5×17. दोन ओळींत 255×257, म्हणजे 65535. चार ओळींत त्याला 65537 ने गुणा, आणि अख्ख्या पटासाठी अजून एकदा, 4294967297 ने. 3, 5, 17, 257, 65537 या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या, म्हणून 17व्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं की त्यांच्यानंतरची 4294967297 पण मूळच असणार, जवळपास शंभर वर्षं कुणाला ते खोडता आलं नाही, आणि 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की तिला 641 ने नि:शेष भाग जातो, भागाकार येतो 6700417. कागदावर गुणून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे अर्ध्या पटापर्यंत फर्मा बरोबर आणि उरलेला अर्धा भरताना चुकला, हे मला फार भारी वाटतं.

आता कॉम्प्युटरकडे या. बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा, आणि प्रत्येक जागेची किंमत आधीच्या जागेच्या दुप्पट. 64 बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक हाच, आणि बुद्धिबळाचे प्रोग्राम 1970 च्या दशकापासून याचा फायदा घेतायत, एका घराला एक बिट, मोहरा असेल तर 1 नाहीतर 0. डाव सुरू होताना पांढरी प्यादी दुसऱ्या ओळीत असतात, पांढऱ्याच्या कोपऱ्यापासून घरं मोजली तर ती आठही प्यादी मिळून एकच नंबर होतो, 65280, आणि गोष्टीतल्या दुसऱ्या ओळीतले दाणे मोजले तर तेही 65280 च भरतात.