कापोरेजीमे

कापोरेजीमे : अमेरिकेतील माफिया ‘कुटुंबा’त (टोळीत) मुखिया व उपमुखिया यांच्या खालोखालचा, सदस्यांच्या एका तुकडीचा म्होरक्या. बोलण्यात ‘कापो’ किंवा ‘कॅप्टन’.

इटालियन ‘कापो’ म्हणजे डोके, प्रमुख. मात्र हा जोडशब्द सिसिलीत रुळलेला दिसत नाही. तेथे ‘कापोदेचिना’ म्हणजे दहांचा नायक असे म्हणतात, त्यामुळे ‘कापोरेजीमे’ हे नाव बहुधा अमेरिकेतच पडले असावे. पदाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. माफियाचा सदस्य जोसेफ वलाची याने १९६३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे दिलेल्या साक्षीनुसार, माफिया म्होरक्या साल्वातोरे मारान्झानो याने १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मेळाव्यात ही उतरंड जाहीर केली. मारान्झानोला ज्यूलियस सीझरचे वेड होते, म्हणून ही रचना रोमन सैन्यावरून घेतली, असे पुढे अनेकांनी लिहिले. वलाची मेळाव्याला स्वतः हजर होता. त्यामुळे मेळावा झालाच नाही, असे म्हणता येत नाही. परंतु सिसिलीतील मेल्कियोरे आल्लेग्रा हा डॉक्टर १९१६ च्या सुमारास माफियात शिरला होता आणि मोठ्या कुटुंबांत दहादहांचे गट असत, असे त्याच्या १९३७ च्या जबानीत आहे. तेव्हा मारान्झानोने घरचीच जुनी घडी न्यूयॉर्कमध्ये बसवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

समाजशास्त्रज्ञ डॉनल्ड क्रेसी यांनी गुन्हेगारीविषयीच्या १९६७ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षीय आयोगासाठी केलेल्या मांडणीत कापो हा कंपनीतील अधिकाऱ्यासारखा दिसतो. फ्रान्सिस इयानी व जोसेफ अल्बिनी या अभ्यासकांनी नातेगोते आणि आश्रयदाता–आश्रित संबंध यांवर भर दिला. व्यवहार पाहता दुसरे मत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. हप्ता खालून वर आणि हुकूम वरून खाली कापोमार्फत जातो, तोही तोंडी. त्यामुळे त्याच्यावर गुन्हा शाबीत करणे अवघड असे. १९७० च्या ‘रिको’ या संघटित गुन्हेगारीविरोधी अमेरिकी कायद्याने ही अडचण बरीच दूर केली. दहा वर्षांत कायद्यात नमूद केलेले किमान दोन गुन्हे आणि त्यांचा टोळीच्या कारभाराशी संबंध दाखवता आला की शिक्षा होऊ लागली. (महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’तही मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रांची अट आहे.)

न्यूयॉर्कच्या बोनानो या माफिया कुटुंबातील अँथनी ‘ब्रुनो’ इंडेलिकातो याचे प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १२ जुलै १९७९ रोजी ब्रुकलिनमधील निकरबॉकर अव्हेन्यूवर, खानावळीच्या मागच्या अंगणात जेवण चालू असता याच कुटुंबाचा म्होरक्या कार्माइन गालांते मारला गेला. मृतदेहाच्या छायाचित्रात दातांत चिरूट तसाच दिसतो. मारेकऱ्यांच्या मोटारीच्या दारावर इंडेलिकातोच्या तळहाताचा ठसा मिळाला. शिवाय खुनानंतर थोड्याच वेळात मलबेरी स्ट्रीटवरील क्लबाबाहेर त्याचे अभिनंदन होत असल्याचे पोलिसांनी गुप्तपणे चित्रित केले होते. त्यानंतर तो कापो झाला. त्याचे वडील अल्फान्सो हेही कापो होते. ५ मे १९८१ रोजी आणखी दोन कापोंसह त्यांचा खून झाला, आणि तोही बोनानो कुटुंबातल्याच वैरातून.

‘कमिशन’ म्हणजे माफिया कुटुंबांच्या मुखियांचे मंडळ. त्याच्यावर ‘रिको’खाली चाललेल्या खटल्यात इंडेलिकातोही आरोपी होता. त्यात १९ नोव्हेंबर १९८६ रोजी आठही आरोपी दोषी ठरले. १३ जानेवारी १९८७ रोजी सात जणांना प्रत्येकी १०० वर्षांची, तर इंडेलिकातोला ४० वर्षांची शिक्षा झाली. २००० मध्ये तो सुटला. २००१ मधील एका खुनाच्या प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला पुन्हा २० वर्षांचा तुरुंगवास झाला.