डी. फार्म.चे ५०० तास: करारनामा आधी, काउंटर नंतर

दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली की डी. फार्म.चे, म्हणजे फार्मसी डिप्लोमाचे, विद्यार्थी ५०० तासांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी थेट ओळखीच्या मेडिकलमध्ये जाऊन उभे राहतात. कागदपत्रं नंतर बघू, असं म्हणतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा महिनाभर असाच वाया गेला, कारण त्या दिवसांचा करारनामाच नव्हता. म्हणून क्रम नीट समजून घ्या.

परीक्षेला बसलात की आधी कॉलेजच्या प्राचार्यांकडे अर्ज करा. ते प्रशिक्षण करारनाम्याच्या तीन प्रती देतात. त्यात कॉलेज, तुम्ही आणि जिथे शिकणार तिथले नोंदणीकृत फार्मासिस्ट, अशा तिघांच्या सह्या लागतात. भरलेली पहिली प्रत कॉलेजमध्ये जमा करणं ही तुमची जबाबदारी आहे. जागा मान्यताप्राप्त आहे ना, हे प्राचार्यांना आधीच विचारा. एकच फार्मासिस्ट असेल तिथे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत, म्हणून जागा लवकर धरलेली बरी.

किमान ५०० तास, तेही किमान तीन महिन्यांत विभागलेले, असा नियम आहे. रोज आठ तास उभे राहिलात तर ६३ दिवसांत तास भरतात, पण तीन महिने पूर्ण व्हावेच लागतात. यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेले पाहिजेत. नुसते खोके लावून ते भरत नाहीत.

हे २५० तास जिवापाड जपा. चिठ्ठीवर ‘टीडीएस’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना, हे वर्गात पाठ झालेलं असतं. पण घाईत लिहिलेलं अक्षर लावणं, लहान मुलाचं वजन विचारून मात्रा पडताळणं आणि शंका आली की डॉक्टरांना फोन करणं काउंटरवरच अंगवळणी पडतं. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांचं, रजिस्टर स्वतः भरा: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का, हेही रोज तुम्हीच बघा.

प्रशिक्षण संपलं की तास आणि तारखा लिहून फार्मासिस्टची सही-शिक्का घ्या. मग प्राचार्य पूर्णतेचा दाखला देतात आणि राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. वय १८ पूर्ण हवं, आणि राहणं किंवा व्यवसाय त्याच राज्यात हवा. साधारणपणे जन्मतारखेचा पुरावा, बारावीची आणि दोन्ही वर्षांची गुणपत्रिका, डिप्लोमा, प्रशिक्षणाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि फोटो लागतात. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. अर्ज बहुतेकदा तिथेच अडकतात.

२०२२ च्या नियमावलीने एक्झिट परीक्षा, म्हणजे डिप्लोमानंतर आणि नोंदणीआधी द्यायची परीक्षा, आणली आहे: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, आणि तिन्ही एकाच प्रयत्नात सुटायला हवेत. ती तुमच्या बॅचला लागू आहे का, हे अर्जाआधी कौन्सिलला विचारून घ्या. अर्ज नाकारला गेलाच, तर नकाराच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे अपील करता येतं.