रिपेरी की रिस्टोर? माळ्यावरनं निघालेल्या स्पेक्ट्रमची पार्श्वभूमी

निपाणीतल्या एका घराच्या माळ्यावरनं गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एक स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा टीव्हीला लावायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, खाली आला, तंबाखूच्या बारदानात गुंडाळलेला, आणि त्याचं पुढं करायचं काय यावरनं आमच्या बेळगावच्या चार-पाच जणांत सरळ दोन तट पडलेत. नवीन ऐकणाऱ्याला वाटतं की मेमरीच्या आठ चिपा काढायच्या का ठेवायच्या एवढाच प्रश्न आहे. तेवढाच नाही. मागं पंधरा-वीस वर्षांची एक रीत आहे, ती माहीत नसताना सोल्डरगन हातात घेतली तर जे जाईल ते परत येणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मशीन बघा. १९८५ ला घरातला एक जण आखातातनं सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत घालून आणलेलं, म्हणजे विलायती माल. उघडलं तर खालच्या रॅमच्या, म्हणजे पहिल्या १६ के मेमरीच्या, जागी मूळच्या आठ ४११६ नंबरच्या चिपा नाहीत, ४१६४ नंबरच्या बसवल्यात. बोर्डाच्या पाठीवर एक निळी वायर, बोटभर लांब, दोन्ही टोकांना डाख इतका स्वच्छ की बघत राहावं. एक ट्रॅक ब्लेडनं कापलाय आणि कापल्या जागी नेलपॉलिशचा थेंब दिलाय, टीव्हीवाले ट्रिमर हलू नये म्हणून द्यायचे तसा. मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर घालणाऱ्या) डब्यातली वायर सोडवून व्हिडिओ थेट बाहेर काढलाय. आणि झाकणाच्या आत डिंकानं चिकटवलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी, तिच्यावर कन्नड लिपीत 'रिपेरी', खाली मराठी आकड्यांत १२-५-९१, त्याखाली तीन व्होल्टेज: ५, १२ आणि उणे ५. त्या उणे ५ वर आडवी रेघ मारलीय.

ती रेघच सगळ्या वादाचं मूळ आहे. तिच्याकडं येतोच.

स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलमधला, प्लस मॉडेल १९८४ च्या ऑक्टोबरचं, झेड८० प्रोसेसर, ४८ के, हे इथं वाचणाऱ्यांना पाठ आहे. आपल्याकडची बाजू तेवढी थोडक्यात सांगतो. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्राचं कॉम्प्युटर धोरण सैल झालं, त्याच्या आधी मशीन काय आणि सुटा पार्ट काय, लायसन आणि ड्युटीच्या कचाट्यातनं सुटत नव्हता. १९८४-८५ लाच शाळांसाठी सरकारी योजना निघाली आणि तिच्यासाठी बीबीसी मायक्रो हा दुसरा विलायती कॉम्प्युटर निवडला. मग १९८६ पासनं परवान्यावर इथं बनवलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस बाजारात आला, तो १९९० पर्यंत चालला. त्यामुळं आपल्या भागात माळ्यावर सापडणारे स्पेक्ट्रम दोन जातीचे, एक आखातातनं नाहीतर गोव्याकडच्या बोटीवरच्या माणसाच्या हातनं आलेले विलायती, आणि दुसरे हे देशी डीबी. निपाणीचा पहिल्या जातीतला, आणि खरी अडचण पहिल्या जातीचीच व्हायची, कारण त्याच्यामागं ना डीलर ना सर्व्हिस सेंटर.

मग नेणार कुठं? टीव्ही-रेडिओवाल्याकडं. सोबत वाइंडिंगवाला. आपल्या ऊसपट्ट्यात, चिकोडी म्हणा गोकाक म्हणा संकेश्वर म्हणा, मोटार जळली की भरून देणारं वाइंडिंगचं दुकान गावोगाव असतंय, आणि स्पेक्ट्रमचा अडॅप्टर गेला की त्याच दुकानात ट्रान्सफॉर्मर भरून मिळायचा. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट १.४ अँपियरचा, रेग्युलेशन नसलेला, लोड नसताना मोजला तर नवाच्या बराच वर जाणारा. त्यात त्याच्या पिनीला मधे उणे आणि बाहेर अधिक, म्हणजे बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं किती बोर्ड मेले असतील! म्हणून जाणत्या मेकॅनिकनं भरून घेतलेल्या डब्यावर पिनीचं चित्र काढलेलं असायचं. निपाणीच्या मशीनबरोबरचा डबाही तसाच आहे, पत्र्याचा, आत वार्निशचा वास अजून येतो, बाहेर तैलरंगानं एक गोल आणि त्याच्या मधोमध उण्याची खूण. संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज कुठल्या कुठं जायचं, म्हणून त्या डब्यात ट्रान्सफॉर्मरला दोन टॅप काढलेत आणि बाहेर खटका दिलाय. असली सोय मूळ कंपनीच्या अडॅप्टरात कधीच नव्हती.

टीव्हीचं तर वेगळंच. विलायती स्पेक्ट्रमचं चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर निघतं, आणि आपल्याकडं तेव्हा दूरदर्शन व्हीएचएफवर, बऱ्याच टीव्हींना यूएचएफचा पट्टाच नव्हता. म्हणजे हौसेनं इतक्या लांबनं आणलेलं मशीन घरी लावलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. तेव्हा मेकॅनिकनं मॉड्युलेटर बाजूला सारायचा, व्हिडिओ थेट बाहेर घ्यायचा आणि १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबलच्या आत तो सोडायचा. पोर्टेबलच का, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणाऱ्या त्या सेटांत ट्रान्सफॉर्मर असायचा, चासी मेनपासनं सुटी. मोठ्या सेटात कित्येकदा चासी थेट मेनला लागलेली, तिथं वायर जोडली तर कॉम्प्युटर राहूदे, माणूसच जायचा. आज ज्याला 'कंपोझिट मॉड' म्हणून नवी गोष्ट समजतात ती इथल्या दुकानांत तेव्हा नाइलाजानं होत होती, आणि तिला कुणी मॉड म्हणत नव्हतं, 'टीव्हीला लावून देणे' म्हणायचे.

आता ती रेघ. ४११६ चिपेला तीन व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. त्यातलं उणे ५ सगळ्यात आधी यायला पाहिजे आणि सगळ्यात शेवटी जायला पाहिजे. ते मधेच गेलं तर चिप तापते आणि मरते. स्पेक्ट्रममधे हे १२ आणि उणे ५ एका छोट्या सर्किटातनं तयार होतात, त्याचा जीव टीआर४ या एका ट्रान्झिस्टरवर. मशीन चालू असताना मागच्या कनेक्टरला जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला, जरासा वाकडा बसला, की टीआर४ जातो आणि जाताना रॅम घेऊन जातो. मग पडद्यावर उभे पट्टे, रंगीत चौकोन, नाहीतर काळं. चांगलं मशीन सुरू होताना क्षणभर काळ्यावर बारीक तांबड्या उभ्या रेघा दिसतात, ती रॅमची तपासणी चाललेली असते, आणि मग पांढरं होतं. त्या रेघा बघायला मिळाल्या की निम्मं टेन्शन जातं बगा.

१९९१ ला ४११६ इथं मिळणं मुश्कील. ४१६४ मात्र एक्सटी जातीच्या पीसीच्या भंगार बोर्डावर रांगेनं बसलेल्या असायच्या. ती ६४ के ची चिप, फक्त ५ व्होल्टवर चालते. पाय जवळजवळ तेच: पहिल्या पायाला जिथं उणे ५ यायचं तिथं ४१६४ मधे काहीच नाही (म्हणूनच चिठ्ठीवर ती रेघ), आठव्याला १२ च्या जागी ५ पाहिजे, आणि नववा पाय म्हणजे जास्तीची एक अॅड्रेस लाइन, ती ५ ला बांधलेली चालते. म्हणजे रॅमकडं जाणारा १२ चा ट्रॅक कापायचा आणि तिथं ५ द्यायचे. पण १२ पूर्ण मारून चालत नाही, कारण रंग तयार करणाऱ्या एलएम१८८९ ला ते लागतात. म्हणून तो एकच काप, बरोब्बर त्याच जागी, आणि ती एकच निळी वायर. नकाशा समोर नसेल तर हे मीटर लावून, ट्रॅक शोधत शोधत केलेलं काम आहे. आणि याचा फायदा असा की पुढं टीआर४ परत गेला तरी चित्र जाईल पण रॅम मरणार नाही. ज्यानं हे केलं त्यानं मशीन नुसतं चालू केलं नाही, त्याचा जन्माचा रोग काढला.

आता वादातला शब्द. एक तट म्हणतो हे मशीन 'रिस्टोर' करूया: ४११६ परत, ट्रॅक जोडा, मॉड्युलेटर परत, चिठ्ठी काढून फाइलीत लावा. दुसरा म्हणतो 'रिपेरी' झालेलीच आहे, जे आज बंद आहे तेवढंच करा. मी दुसऱ्या तटात आहे, ते लपवत नाही.

पण हे दोन शब्द दिसतात तितके सरळ नाहीत. रिपेरी हा आपल्याकडं मराठीतही आणि कन्नडातही तोच शब्द, सायकल असो, पंप असो, घड्याळ असो. पुण्याकडचा माणूस दुरुस्ती म्हणेल, इथं दुरुस्ती म्हटलं की कागदातली दुरुस्ती वाटते, नाव चुकलं, सातबारा चुकला ती. रिपेरीत एक अर्थ पक्का आहे, वस्तू परत कामाला लागली पाहिजे, मग पार्ट कुठला का असेना. दुकानात मशीन ठेवून 'अण्णा, हुतंय काय बगा' म्हणायचं आणि तिकडनं 'ठेवून जावा, बगूया की' आलं की त्यात सगळा करार झाला. मूळचाच पार्ट घाला असं कुणी म्हणायचं नाही, कारण मूळचा मिळत नाही हे दोघांनाही माहीत.

रिस्टोर मात्र अलीकडं आलेला, जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांकडनं आणि व्हिडिओंतनं. त्याचं मराठी करताना कुणी 'जीर्णोद्धार' म्हणतं, आणि तिथं आणखी घोळ होतो, कारण आपल्याकडं देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा जुनं दगडी पाडून वर स्लॅब आणि ऑइलपेंट! म्हणजे एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, एकाला वाटतं मूळ रूप परत, दुसऱ्याला वाटतं सगळं नवं. आमच्या बैठकीत एकदा तासभर भांडण झालं आणि शेवटी कळलं की दोघं जीर्णोद्धार म्हणत होते पण एक नवी केस घालायचं म्हणत होता आणि दुसरा जुन्या केसला हात लावू नका म्हणत होता.

तिसरा शब्द 'ओरिजिनल'. ओरिजिनल म्हणजे नेमकं कुठल्या दिवसाचं? याच स्पेक्ट्रमच्या वरच्या ३२ के रॅममधे कारखान्यातनंच ४५३२ नावाच्या चिपा येतात, त्या म्हणजे ६४ के च्या चिपा ज्यांचा निम्मा भाग खराब निघाला. खराब निम्मा सोडून चांगला निम्मा वापरायचा, आठही चिपांचा एकच निम्मा चांगला असला पाहिजे, आणि कुठला ते बोर्डावरच्या एका लिंकनं सांगायचं. म्हणजे जे कारखान्यानं पैसे वाचवायला केलं ते ओरिजिनल, आणि तसल्याच अकलेनं आपल्या मेकॅनिकनं एक ट्रॅक कापून केलं ते बिघाड? मला हे पटत नाही. शिवाय मॉड्युलेटर परत लावलेलं 'ओरिजिनल' मशीन निपाणीतल्या त्या घरात एक दिवससुद्धा दिसलं नसतं. त्या घरच्या पोरांनी जे बघितलं ते या वायरीतनं.

समोरच्या तटाचं एक म्हणणं मात्र खरं आहे, तेही लिहितो. इथल्या सगळ्याच रिपेऱ्या अशा नव्हत्या. कीबोर्डच्या मेम्ब्रेनची, म्हणजे कळांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याची, बोर्डात खुपसायची पट्टी कडक होऊन चिरली की कात्रीनं चार-पाच मिलिमीटर कापून परत खुपसायची, असं दोन-तीनदा केलं की पट्टीच पुरत नाही. बोर्ड थिनरनं पुसून कनेक्टरचं प्लास्टिक वितळवलेलंही मी बघितलंय. ते जपून ठेवा असं मी म्हणत नाही.

मधल्या वर्षांत कुणी या मशीनांकडं बघितलं नाही आणि गेल्या दहा वर्षांत मात्र सगळं बदललं. मेम्ब्रेन नवी बनवून मिळते, अगदी बोर्डसुद्धा नवा मिळतो. गेम कॅसेटवरनं चढवायला टेपरेकॉर्डरचा हेड स्क्रू फिरवत बसायची गरज नाही, मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातनं गेम लोड होतो, कडेला निळे-पिवळे पट्टे तसेच पळतात. ४११६ बाहेरनं मागवता येतात, पण जुन्या बोर्डावरनं उपटून पुसून नवं नाव छापलेल्या निघतात, आठ मागवल्या तर आठ चालतील याची खात्री नाही. आणि २०२४ ला झेड८० बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं तिची साधी चिप बंद करतोय म्हणून सांगितलं, १४ जून शेवटच्या ऑर्डरीची तारीख, १९७६ पासनं चाललेली चिप. तेव्हापासनं मूळ चिपा साठवून ठेवणाऱ्यांची धावपळ वाढलीय आणि 'ओरिजिनल'चा आग्रहही.

बीबीसी मायक्रोवाल्यांचा प्रश्न वेगळा, तिथं वाद नकोच. पॉवर सप्लायमधले ते पिवळट, काचेसारखे दिसणारे फिल्टर कपॅसिटर वयानं चिरतात, ओल आत जाते, आणि किती वर्षांनी प्लग लावला की पाच-दहा मिनिटांत धूर. आपल्या खानापूरकडच्या पावसात ठेवलेलं मशीन असेल तर आधी ते काढा, मगच करंट द्या.

निपाणीच्या मशीनचं सध्या असं ठरलंय. मेम्ब्रेन नवी घालायची, त्याला दोन्ही तट तयार. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मोजून जे उतरलेत तेच बदलायचे. ४१६४ ला हात नाही, कारण आठही चालतात. आयसींचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काळे पडलेत, एकाचा साफ करतानाच तुटला, तो पाय राळ लावून बारीक तारेनं जोडलाय. मॉड्युलेटरचं अजून ठरलं नाही. पत्र्याच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) चांगला आला, फक्त वायर बदलली. गेल्या रविवारी त्याच डब्यावर लावून बघितलं, तांबड्या रेघा आल्या, पांढरं झालं, खाली १९८२ चं नाव उमटलं. चिठ्ठी आहे तिथंच आहे, तिच्याखाली दुसरी चिठ्ठी लावायची का आणि तिच्यावर कुठला शब्द लिहायचा यावर पुढच्या रविवारी बसणार आहोत.