वळीव की मोसमी? सोलापूरकडच्या पेरणीआधीचा प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात मे संपता संपता पावसाचे दोन-तीन दणके बसले की बार्शीकडं सोयाबीनच्या पिशव्या बाहेर निघतात आणि कुणीतरी चाड्यावर मूठ धरतोच, म्हणजे पेरायला लागतो. पाऊस मात्र वळवाचा असतो.

वळीव तापलेल्या जमिनीवर जागच्या जागी तयार होतो. सकाळपासून काहिली, दुपारनंतर ढग फुलकोबीसारखे उंच चढतात. संध्याकाळी धुळीचा लोट, पाठोपाठ गार वारा, टपोरे थेंब, कधी गारा. तास-दीड तासात आटोपतं. ढगाचा घेर लहान, म्हणून एका शिवारात ओढा वाहतो आणि शेजारच्या गावात धूळ उडते.

मोसमी पावसाला समुद्रावरून सतत येणारा वारा लागतो. मात्र गडगडाटावरून निकाल लावू नका. सोलापूर पर्जन्यछायेत आहे; इथं मृगही विजा घेऊन येतो आणि सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात ओला महिना, तर कडकडाटाचाच. तीन-चार दिवस सलग आभाळ बघा. खालचे ढग रात्रंदिवस पश्चिमेकडून पूर्वेला पळत असतील आणि थेंब न पडताही दुपारचा पारा चाळिशीवरून खाली येऊन तिथंच राहिला, तर तो मान्सून. वळवानंतर दोन दिवसांत पुन्हा अंग भाजतं.

हवामान खात्याचे निकष आणखी कडक. केरळातलं आगमन ठरवताना 10 मेनंतर नेमून दिलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान 2.5 मिमी पाऊस लागतो. शिवाय वाऱ्याचा वेग, पश्चिमी वाऱ्याच्या थराची जाडी आणि ढगांचं आच्छादनही तपासतात. अक्कलकोटला कोसळलेल्या एका सरीचा त्याच्याशी संबंध नाही.

बरं, मान्सून जाहीर झाला म्हणजे पेरा, असंही नाही. 2025 मध्ये तो 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला, मग मेअखेरपासून दोन आठवड्यांहून जास्त काळ पुढं सरकलाच नाही.

म्हणून नाव काहीही असो, ओल मोजा. शिफारस 75 ते 100 मिमी पावसानंतर पेरणीची. वळवाचे 40 मिमी तासाभरात पडले तर बरंचसं पाणी वाहून जातं आणि वर खपली धरते. पहारीनं वीतभर खड्डा घ्या, तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ठीक. ओल वरच्या दोन-तीन बोटांतच असेल तर 3-4 सेंमीवरचं बी उगवतं, मुळी खाली कोरड्यात जाते आणि आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत रोप माना टाकतं. मग दुबार पेरणी, म्हणजे एकरी 30 किलोची पिशवी पुन्हा.

वळीव वाया जातो असं नाही. ढेकळं विरघळतात, तण उगवून येतं आणि कुळवाच्या पाळीत ते मरतं. तेवढं काम करून घ्यावं.

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या महावेध केंद्रावरून (स्वयंचलित हवामान केंद्रावरून) घेऊ नका, वळवात तो तुमच्या रानाला लागू पडत नाही. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून लांब ठेवा, सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा आणि डबा रिकामा करा.