काळी माती म्हणजे कसदार माती?

‘जमीन काळीभोर आहे, तिची कसली तपासणी करायची?’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण दिसतं तसं नसतं. मातीचा काळेपणा नेहमी सेंद्रिय पदार्थांच्या मुबलकतेतून येत नाही. बेसॉल्ट या ज्वालामुखी खडकापासून बनलेल्या चिकणमातीत थोडासा ह्युमस (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा गडद अंश) कणांना घट्ट चिकटून बसतो, शिवाय काळी खनिजंही असतात. त्यामुळे सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला तरी माती काळीच दिसते. अशी माती पाणी छान धरून ठेवते, हे खरं. पण सेंद्रिय कर्बच कमी, तर नत्र (नायट्रोजन) कुठून येणार?

अशा मातीत चुनखडी असेल तर सामू (पीएच) ८ च्या वर जातो, स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो, जस्त आणि लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. हे डोळ्यांना कसं कळणार?

म्हणून माती तपासून घ्यायला हवी. मात्र नमुना बांधावरून, झाडाखालून किंवा शेणखताच्या ढिगाजवळून उचलला, तर अहवालही फसवाच येतो (आणि दोष प्रयोगशाळेवर!). शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करा. नमुना घ्यायचा तो खत टाकण्याआधी.